रोषणाईतील गोलाई : साहित्याची निवड
(व्याख्यानाचा मजकूर)



जयंती आणि बुद्धपौर्णिमा जवळ आली की आपली तरुण मंडळी रोषणाईच्या तयारीला लागतात. आपण करतो ते आकार कोणते? धम्मचक्र, पिंपळपान आणि स्तूप. तिन्ही आकारांत गोलाई आहे. चौकोनी चौकट कोणीही ठोकील. खरा कस गोलाईत लागतो. तेथे साहित्य चुकले तर चक्राचे अंडे होते, पानाचे टोक मोडते आणि वर्गणीचा पैसा दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. मी बँकेतला कारकून, बी. ए. इतिहास घेऊन झालो. तेव्हा शास्त्रज्ञाचा आव न आणता हाताने केलेल्या कामावरून चार गोष्टी सांगणार आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक उदाहरण आधी देतो. कार्ल्याचे चैत्यगृह आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असे हे दालन जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरले गेले. वर पाहिले की छताला लाकडी कमानी दिसतात. त्या छताचा भार पेलत नाहीत. डोंगर स्वतःच स्वतःला पेलून आहे. मग त्या बसवल्या कशाला? कारण त्याआधीची चैत्यगृहे लाकडाची असत आणि लाकडाच्या कमानींनीच छताला गोलाई येई. दगडात काम करतानाही कारागिरांच्या डोळ्यांपुढे तीच गोलाई होती. आपण कामटी वाकवतो तेव्हा त्याच जुन्या कामाच्या धाकट्या भावंडाला हात लावतो, असे मला वाटते.

आता बांबूकडे वळू. बांबू स्वस्त, हलका आणि सर्वत्र मिळणारा. पण कामटी किती जाड घ्यायची, यावर सगळे अवलंबून आहे. दुप्पट जाडीची कामटी दुप्पट नव्हे, आठपट ताठ होते. म्हणून जाड कामटी जोराने वाकवण्यापेक्षा दोन पातळ कामट्या एकमेकींवर ठेवून बांधाव्यात. वाकायला सोप्या, आणि बांधल्यावर मजबूत. बांबूची हिरवी पाठ बाहेरच्या बाजूला राहू द्यावी. आतला पांढरा भाग बाहेर आला की तो चिरफाळतो. पेराची गाठ ताठ असते. तेथे आतून थोडे तासले नाही, तर वर्तुळाला तेवढ्या जागी कोपरा येतो.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावी. कामटीची दोन टोके धरून वाकवली तर वर्तुळाचा तुकडा मिळत नाही, धनुष्य मिळते. मध्ये वाक जास्त, टोकांशी जवळजवळ सरळ. म्हणून केवळ टोके जुळवून बांधलेली रिंग सांध्यापाशी टोकदार दिसते. उपाय असा : दोन्ही टोके वीतभर लेखणीसारखी तिरपी तासावीत, एकमेकींवर चढवावीत आणि मग सुतळीने बांधावीत. दोन थरांची रिंग असेल तर एका थराचा सांधा दुसऱ्याच्या बरोबर समोर यावा. जमिनीवर वर्तुळ आखून खुंट्या ठोकाव्यात आणि ओली कामटी त्यांच्यात वाळू द्यावी. वाळताना ती आकसते, सुतळी सैल पडते. तेव्हा पुन्हा आवळावी.

पिंपळपानाला मात्र एकट्या बांबूने भागत नाही. पानाच्या दोन्ही कडा फुगीर असतात आणि खाली येता येता वळण उलटे फिरून लांब निमुळते शेपूट होते. या उलट्या वळणावर कामटी हमखास मोडते. तेथे कडांना कामटी आणि शेपटाला जीआय तार, अशी जोड करावी. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटर जाड असते, पकडीने वळते आणि वळवलेली राहते. तार थोडी परत उलगडते, म्हणून हवे त्यापेक्षा जरा लहान गोलावर वळवावी. दुकानातून गुंडाळीतली तार आणतो तिला आधीच वळण असते. ते आधी ठोकून सरळ करायचे आणि मग पुन्हा वळवायचे, हा उद्योग मला कधी समजला नाही!

वायरिंगची पीव्हीसी पाइपही उपयोगी आहे. ती तशीच वाकवली तर चपटी होते. आत कोरडी बारीक वाळू ठासून दोन्ही टोके बंद करावीत आणि उकळते पाणी ओतत हळूहळू वळवावी. ऐंशी अंशांच्या आसपास ती मऊ पडते. उघड्या जाळावर मात्र कोणीही धरू नये. जळालेल्या पीव्हीसीचा धूर घशाला व फुप्फुसांना घातक आहे. थर्माकोलबद्दल जास्त बोलत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ साली बंदी आली, आणि दिव्याजवळ पेट घेणारी ती वस्तू त्याआधीही माझ्या मनातून उतरलेली होती.

आता प्रकाशाकडे येऊ. बाजारात पाच मीटरच्या रिळात मिळणारी बारा व्होल्टची एलईडी पट्टी कागदाच्या फितीसारखी आहे. सपाट अंगाने हवी तशी वळते. कडेवर मात्र वळत नाही. सपाट प्लायवूडवर वर्तुळ आखून त्या रेघेवर ती चिकटवायला गेलो की सुरकुती पडते, आतले टाके तुटतात आणि तीन-तीन दिवे विझत जातात. म्हणून चौकटीचे साहित्य असे हवे की पट्टीला तिच्या सपाट अंगाने टेकता येईल. पाऊण इंची अॅल्युमिनियमची पट्टी उभी वळवून रिंग केली तर एलईडी तिच्या अंगावर छान बसते. प्रकाश समोर न येता बाजूला जातो ही अडचण खरी. त्याला दोन उत्तरे : मागे पांढरा पुठ्ठा लावून उजेड त्यावर पाडावा, किंवा नागमोडी बनावटीची पट्टी घ्यावी, जी सपाट पृष्ठभागावरही वळते. तिसरे उत्तर म्हणजे काही वळवायचेच नाही. सनबोर्डवर हवा तो आकार काढावा, रेघेवर भोके पाडावीत आणि एकेक दिवा मागून खोचावा. पिंपळपानाला ही रीत सर्वांत बरी.

खरेदीआधी हिशेब मांडावा. चार फूट व्यासाचे चक्र धरा. परीघ सुमारे साडेबारा फूट, म्हणजे ३.८ मीटर. एवढे पाहून एक रीळ पुरेल असे वाटते. पण आरे चोवीस! एकेक आरा ४५ सेंटिमीटरचा धरला तर १०.८ मीटर झाले. एकूण १४.६. तीन रिळांतून उरते ४० सेंटिमीटर, त्यात पाच इंची तुंबा जेमतेम बसतो. तुंबा फूटभर केला की चौथे रीळ आलेच. मीटरला ४.८ वॉटची पट्टी असेल तर पंधरा मीटरला ७२ वॉट, म्हणजे सहा अँपिअर. अॅडॉप्टर आठ-दहा अँपिअरचा घ्यावा. तिन्ही रिळांना वेगवेगळी जोडणी द्यावी. एकापुढे एक जोडली तर शेवटचे दिवे मंद होतात.

स्तूपाचा घुमट दोन्ही दिशांनी वळतो आणि कागद एकाच दिशेने वळतो, म्हणून त्यावर कागद कधीच नीट बसत नाही. कलिंगडाच्या फोडींसारख्या पाकळ्या कापाव्या लागतात. चार फुटी अर्धगोलाला सोळा पाकळ्या केल्या तर एकेक तळाशी साडेनऊ इंच रुंद आणि सुमारे ३८ इंच लांब. लांबीच्या दोन-तृतीयांशावर रुंदी बरोबर निम्मी होते. दहावीच्या मुलांनी कोज्या साठ अंश आठवावे, कारण सापडेल. आठच पाकळ्या केल्या तर घुमट न दिसता छत्री दिसते. लहान मुलांसाठी मात्र घुमटाचा हट्ट नको. श्रीलंकेत वेसाकला अटपट्टम नावाचा कंदील करतात. त्यात सगळ्या सरळ काड्या, चौकोन आणि त्रिकोण, आणि तरी तो दुरून गोलसर दिसतो.

जीवावर बेतणारी गोष्ट आता सांगतो. २३० व्होल्टवर थेट चालणारी जुनी माळ तारेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटीवर कधीही गुंडाळू नये. एका ठिकाणी वायर सोलली गेली तर सबंध चक्रात वीज उतरते, आणि त्या चक्राखाली आपलीच मुले उभी असतात. धातूवर फक्त बारा व्होल्ट. अॅडॉप्टर कोरड्या जागी, उंचावर. वैशाखात वळीव केव्हाही येतो आणि भिजलेला बांबूही विश्वासाचा राहत नाही. तात्पुरते अधिकृत कनेक्शन घ्यावे आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी बसवावे. वर्गणी कमी पडत असेल तर आरे बारा करा, हवे तर चक्र तीन फुटी करा. पण हा खर्च कापू नका.

उत्सवानंतर रिंग भिंतीला टेकवून ठेवू नये, वर्षभरात ती लांबट होते. तीन खिळ्यांवर टांगावी किंवा माळ्यावर आडवी ठेवावी. येत्या रविवारी सकाळी विहाराच्या अंगणात कामट्या तासायला आम्ही बसणार आहोत. विद्यार्थ्यांनी जरूर यावे, फक्त जुने हातमोजे घेऊन. ओल्या बांबूची कुसे हातात शिरली की दोन दिवस पेन धरवत नाही, आणि परीक्षा जवळ आहेत.

जयभीम.