पाहुणा दुसऱ्यांदा येतो तो कशाने?

(प्रभागसंघाच्या सभेत, निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका ताईंनी केलेले भाषण)

मला भाषणाची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमच्यातल्या काही जणी यंदा पर्यटकांसाठी खोल्या काढणार आहेत, म्हणून माझी फजिती आधी सांगते.

मालवणजवळ आमच्या दोन खोल्या आहेत. जेवणाचं गटातल्या आम्ही चौघी बघतो. पहिल्याच वर्षी जूनमध्ये पुण्याचं एक कुटुंब आलं. फोनवर विचारलं होतं, "ताजी सुरमई मिळेल ना?" मी हो म्हणून बसले. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक. मी बर्फातली आणली, मसाला जरा जास्त लावला, वाढली. आजोबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "ताई, ही ताजी नाही." बस्स. पैसे पूर्ण दिले, गेले. भांडले असते तर परवडलं असतं!

रात्री गटात वाद. ताटांचे पैसे परत करायचे का? एक जण म्हणाली, "बँकेचा हप्ता डोक्यावर आहे, आणि तू दान करतेस?" तिचंही खोटं नव्हतं. शेवटी माझ्या वाट्यातून पाठवले आणि फोन करून खरं काय ते सांगितलं. दिवाळीनंतर तेच कुटुंब आणखी एका कुटुंबाला घेऊन चार दिवस राहायला आलं. थेट फोन करून आलं, त्यामुळे बुकिंगवाल्या ॲपचं कमिशनही वाचलं.

आता जूनमध्ये फोन आला की मी आधीच सांगते, ताजी सुरमई नाही. टाकळ्याची, भारंगीची भाजी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मिळेल. काही जण फोन ठेवून देतात. ठेवू देत. जे येतात ते पाऊस बघायलाच येतात, आणि ताटात काय येणार ते त्यांना माहीत असतं.

पावसातली खरी डोकेदुखी म्हणजे चादरी. वाळत नाहीत, मग कुबट वास मारतात. वासाच्या चादरीवर झोपलेला माणूस तुमची आंबोळी विसरतो. प्रत्येक खाटेला तीन जोड ठेवा, एका खोलीत दोऱ्या बांधून पंखा लावा. लाईट जाते, तेही आधी सांगा आणि उशाशी बॅटरी ठेवा.

एक वही घाला. कोणाला तिखट चालत नाही, कोणाचे गुडघे दुखतात, तेवढंच लिहायचं. आजोबा परत आले तेव्हा मी न विचारता कमोडवाली खोली दिली. ते काही बोलले नाहीत, पण रात्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले आणि बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण कसं करतात ते विचारत राहिले.

नोंदणीचे कागद मी पिशवीत आणलेत. जेवण झाल्यावर बघा, मी चारच्या एसटीपर्यंत इथेच आहे.