जामीन राहिलेला माणूस



आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. भाच्याच्या किराणा दुकानासाठी बँकेने दिलेल्या कर्जाला ते जामीन राहिले होते. कर्ज थकले. पुढे बँकेने भाच्याशी करार करून परतफेडीची मुदत वाढवून दिली. मामांना कोणी विचारले नाही. नंतर ते कर्जच बँकेने एका कंपनीला विकले आणि कंपनीची नोटीस मामांच्या दारी आली. ते म्हणाले, ‘वकीलसाहेब, ह्या लोकांना मी उभ्या जन्मात पाहिलेले नाही. मी ह्यांचे देणे कसा लागतो?’

प्रश्न रास्त होता, पण उत्तर त्यांना आवडण्यासारखे नव्हते. धनको बदलला म्हणून जामीनदार सुटत नाही. कर्ज हस्तांतरित होते तेव्हा त्याच्या मागे असलेले तारण आणि हमी सामान्यतः बरोबर जातात. २००२ च्या सरफेसी कायद्याने अशा कंपन्यांच्या बाबतीत तर हे स्पष्टच सांगितले आहे. मात्र नवा धनको जुन्याच्याच जागी उभा राहतो. जी हरकत मामांना बँकेपुढे घेता आली असती, ती कंपनीपुढेही घेता येते. तेव्हा खरा प्रश्न विक्रीचा नव्हता, त्याआधी झालेल्या फेरफाराचा होता.

येथे आपला १८७२ चा करार कायदा जामीनदाराकडे बराच ममतेने पाहतो. कलम १३३ खाली दिलेले एक उदाहरण आम्हांला फार आवडते. पाच हजार रुपये १ मार्चला द्यावयाचे ठरले, त्याला एकजण जामीन राहिला. धनकोने ते १ जानेवारीलाच देऊन टाकले. जामीनदार सुटला! पैसे लवकर मिळाले म्हणून कोणी तक्रार करील काय? पण जामीनदाराने ज्या व्यवहाराला मान डोलावली तो हा व्यवहार नव्हे. इंग्लंडात १८७८ साली होम विरुद्ध ब्रन्सकिल ह्या खटल्यात असेच झाले. शेताबरोबर खंडाने दिलेल्या सातशे मेंढ्यांबद्दल एकजण जामीन होता. मालक आणि कूळ ह्यांनी परस्पर एक शेत सोडून देऊन खंड दहा पौंडांनी कमी केला. ज्यूरी म्हणाली, ह्याने विशेष फरक पडत नाही. अपील न्यायालयाने बहुमताने जामीनदाराला मोकळे केले. फरक पडतो की नाही हे ज्याची मान अडकली आहे त्याने ठरवावयाचे, असा त्यातला आशय.

मुदतवाढीचे कलम १३५. ऋणकोला वेळ देण्याचा करार जामीनदाराच्या संमतीवाचून केला तर जामीनदार सुटतो. नुसता दावा लावण्यात धनकोने उशीर केला तर मात्र सुटत नाही. ते १३७ व्या कलमात आहे. आणि ‘आधी भाच्याला धरा, मग माझ्याकडे या’ हे म्हणणेही चालत नाही. कलम १२८ प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर दोघांची जबाबदारी सारखीच असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली बँक ऑफ बिहारच्या खटल्यात तेच सांगितले.

म्हणजे मुदतवाढीने मामा सुटावयास हवे होते. आम्ही हमीपत्र मागवले. बारीक छापील अक्षरांत एक कलम होते: बँकेने मुदत वाढवली, अटी बदलल्या, तारण सोडले, तरी माझी हरकत नाही. अशी आगाऊ संमती न्यायालये सामान्यतः ग्राह्य धरतात. मामांनी ते वाचलेच नव्हते. सही करतेवेळी कागद कोराच होता, असेही ते म्हणाले. पण ते शाबीत कसे करावयाचे? सहकारी पतपेढीत सहकाऱ्याला जामीन राहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी तो कागद वाचला असेल, हे आम्ही विचारीत नाही. आम्हीही पूर्वी वाचला नव्हता.

एक दिलासा उरला. पैसे भरल्यावर कलम १४० आणि १४१ प्रमाणे जामीनदार धनकोच्या जागी येतो. त्याच्याकडील तारणही मागू शकतो. त्याबाबतचा हक्क मात्र त्या छापील कलमात सोडून दिलेला नाही ना, एवढे पाहावे लागते. मामांच्या कागदात बँकेने तारण सोडले तरी हरकत नाही एवढेच होते, आणि दुकानाच्या गाळ्यावरचा बोजा बँकेने सोडलेला नव्हता. मामांनी निवृत्तीची पुंजी मोडून रक्कम भरली आणि गाळ्याचे कागद कंपनीकडून ताब्यात घेतले. भाच्यावर दावा लावण्याचा मसुदा आमच्या टेबलावर तयार आहे. बहिणीला विचारून येतो म्हणून ते गेले, त्याला आता आठ महिने झाले.