मास्तर आता फोनात बसलाय



आपल्या खान्देशी अहिराणीच्या या मेळाव्यात उद्घाटकांचं भाषण मी कान देऊन ऐकलं. ते वयानं माझ्याहून मोठे. अहिराणी गाणी गोळा करताना त्यांनी खेड्यापाड्यांत चपला झिजवल्या आहेत, तेव्हा त्यांच्या पाया पडूनच भांडतो. ते म्हणाले, मोबाइलनं आपली बोली खाल्ली. मंडपात कडकडून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवायला निम्म्या मंडळींनी हातातला मोबाइल मांडीवर ठेवला, तेवढ्यापुरता.

बोली कोणी खाल्ली ते मी सांगतो. साल १९६८, मी तिसरीत. डोळे आले होते, उजवा तर सुजून बंद झालेला. मी उभा राहून म्हटलं, "मास्तर, मना डोया दुखी ऱ्हायना." मास्तरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. म्हणाले, डोया नाही, डोळा. म्हण. मी म्हटलं, डोया. छडी. पुन्हा म्हण. अख्खा वर्ग हसत होता. हसणाऱ्या प्रत्येक पोराच्या घरी डोयाच होता, शायाच होती, केयीच होती, 'ळ' कोणाच्याच चुलीपाशी नव्हता. उरलेलं वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नाही. गंमत पुढे आहे. मास्तर शेजारच्याच गावचे. संध्याकाळी पारावर भेटले, माझी हनुवटी वर करून बघितली आणि म्हणाले, "काय रे पोऱ्या, आते कसा शे डोया?"

त्या पारावर तेव्हा मोबाइल नव्हता हो.

आणि मास्तरांनाच का बोलू? मीही मास्तर झालो. नाशिकला बदली झाली, बिऱ्हाड हललं, आणि आम्ही नवरा-बायकोनं ठरवून टाकलं की पोराशी शुद्ध बोलायचं. 'आठे ये' असं मी माझ्या मुलाला एकदाही म्हटलं नाही, 'इकडे ये' म्हटलं. गावाहून माय आली आणि नातवाशी अहिराणीत बोलायला लागली की मी विषय बदलायचो. तोच मुलगा आज चाळिशीला आलाय, पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. गेल्या लग्नसराईत 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणं लागल्यावर तो घाम निघेपर्यंत नाचला आणि खाली उतरून मला विचारतो, "पप्पा, आंडोर-आंडेर म्हणजे मुलगा-मुलगीच ना? मी रीलमध्ये ऐकलं." बापानं चाळीस वर्षं दडवून ठेवलेली गोष्ट त्याला फोनानं दिली. मी काय बोलणार? मान हलवली.

म्हणून उद्घाटकांना माझं सांगणं आहे, अहिराणी घरातून हाकलली गेली, शाळेतून हाकलली गेली, कचेरीत तर तिला कधी उभंच केलं नव्हतं. हाकललेलं माणूस जिथे ओसरी मिळेल तिथे टेकतं. २०१६ साली इंटरनेट फुकटाच्या भावात आलं, खेड्यातल्या पोराच्या खिशात फोर-जी आलं, आणि अहिराणी तिथे जाऊन टेकली. आता ती तिथे हातपाय पसरून बसली, तर आपण म्हणतो की घर बिघडवलं!

माझा एक मावसभाऊ सुरतेला लिंबायतमध्ये आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आपली किती माणसं आहेत ते इथे कोणाला सांगायला नको. ताप्तीकाठानं सुरतेला जाणाऱ्या गाडीनं आपले बाप-काका गेले, लूमवर उभे राहिले, परत आले ते दिवाळीला, लग्नाला, मयताला. लूमचा खडखडाट बारा तास कानात, बाहेर गुजराती, सेठजवळ हिंदी. अहिराणी बोलायला खोलीवरचे चार जण. आता त्याच्याकडे कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्रेसष्ट माणसांचा. माझ्या मायला लिहिता येत नाही. ती माइकचं चित्र दाबून ठेवते आणि बोलते, बोट उचललं की गेलं सुरतेला. भाऊ सांगतो, पाळी सुटली की तो कारखान्याबाहेर चहाच्या टपरीवर उभा राहतो आणि दिवसभराचे आवाज एकामागून एक ऐकतो. मेथीची भाजी कशी जमली, म्हैस कधी व्याली, कोणाच्या सुनेनं काय म्हटलं. चार मिनिटांचा निरोप, त्यात एक मिनिट मायचा खोकला.

कानबाई देवीची गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नैवेद्याचे रोट होतात, आणि रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, परक्याला देता येत नाहीत, हे तुम्ही जाणता. एका वर्षी मावसभावाला सुट्टी मिळाली नाही. रात्री चौरंगावर नारळाची कानबाई, तिच्या नाकात नथ, समोर दिवा, आणि दिव्याच्या अलीकडे तांब्याला टेकवून ठेवलेला फोन. फोनात भाऊ, बनियनवर, खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली. मायनं पिठाचे हात पदराला पुसले, फोनाजवळ तोंड नेलं आणि ओरडून म्हणाली, "तुना वाटाना रोट काढी ठेयेल शे!" फोनाला लांबचं ऐकू येत नाही अशी तिची समजूत आहे. भाऊ काही बोलला नाही. त्यानं फोन उलटा ठेवला, आम्हाला छताचा पंखा दिसत राहिला.

हे बोली मरण्याचं लक्षण असेल, तर माझी अक्कल थोडी आहे असं समजा.

आता मोठ्या व्यासपीठांबद्दल. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९५२ साली आपल्या अमळनेरला भरलं, अध्यक्ष कृ. पां. कुलकर्णी, म्हणजे भाषेचे अभ्यासक. त्यानंतर अमळनेरला ते पुन्हा आलं २०२४ मध्ये. मधे बहात्तर वर्षं. बहात्तर वर्षांतून एकदा येणाऱ्या पाहुण्यावर घर चालत नाही. त्याच १९५२ मध्ये बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकात आली. त्या अगोदरच्याच वर्षी गेलेल्या. त्यांची भाषा लेवा गणबोली, आपल्या अहिराणीची शेजारीण, तेव्हा उगाच हक्क सांगत नाही. पण एक सांगतो. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव कवी होता म्हणून ती गाणी टिपली गेली, आणि आचार्य अत्र्यांनी ती पाहिली म्हणून जगापुढे आली. ज्या मायच्या पोटी सोपानदेव नव्हता, तिचं काय झालं? तिची गाणी जात्यापाशीच संपली. आज माइकचं चित्र दाबता येणारी प्रत्येक माय स्वतःची सोपानदेव आहे. हे ज्यांना साहित्य वाटत नाही, त्यांनी पुढच्या बहात्तर वर्षांची वाट बघावी.

उद्घाटकांशी माझं भांडण इथे संपलं. आता तुमच्याशी.

तुम्ही नावापुढे 'कट्टर खान्देशी' लिहिता. बरं. पण अहिराणीचे म्हणून जे व्हिडिओ तुम्ही पुढे ढकलता त्यांतले बहुतेक काय असतात? दारुडा नवरा, त्याला झोडपणारी बायको, आणि शहरातून आलेल्या पाहुण्यापुढे फजिती होणारा बावळट. मला हसायला आवडतं, मीही हसतो. पण अहिराणी बोलणारा डॉक्टर, वकील, तलाठी, निदान चार वाक्यं सरळ बोलणारा शेतकरी तिथे का दिसत नाही? तिसरीतला वर्ग हसत होता, आपण त्याच बाकांवर बसून अजून हसतोय. आखाजीची गाणी, गौराई, खापरावरच्या मांड्याला पीठ किती सैल लागतं, कपाशीवरच्या रोगाला आपल्या बोलीत काय म्हणतात, हे सांगणारीही पोरं आहेत. त्यांना बघणारे शंभर, आणि दारुड्याला लाखो. दोष बोटाचा आहे, फोनाचा नाही.

दुसरं. अहिराणी अठरापगड जातींची आहे, पण आपले ग्रुप जातीजातीचे. नावात खान्देश आणि आत फक्त एका समाजाचे बायोडेटा. ज्या भिल्ल आणि दलित वस्त्यांत बोली आजही सर्वांत कमी लाजत बोलली जाते, तिथला एकही नंबर त्यांत नाही. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या जॉर्ज ग्रियर्सननं १९०७ मध्ये आपली भाषा भिल्ली भाषांच्या खंडात घातली, ती मराठीची की गुजरातीची यावर विद्वान अजून वाद घालतात. घालू देत. भिल्लांच्या शेजारी बसवलं म्हणून ज्यांना ओशाळं वाटतं, त्यांना माझ्या भाषणात तरी जागा नाही.

तिसरं जास्त झोंबेल. जनगणनेत खान्देशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते, अहिराणी तिच्याच पोटात. २००१ मध्ये बोलणारे होते सुमारे २० लाख ७५ हजार. २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत लोक वाढले आणि बोलणारे दोन लाखांनी घटले? ते मेले नाहीत. दारात प्रगणक आला, त्यानं विचारलं मातृभाषा कोणती, आणि आपण पटकन म्हटलं, मराठी. काही जण म्हणतात, अहिराणी सांगितली तर मराठीचं बळ कमी होईल. आठ कोटी तीस लाखांच्या मराठीला आपल्या अठरा लाखांनी अशक्तपणा येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला तिला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढा खाल्ला. मराठी माझी आहेच, पण जिच्या भाषेत मी पहिल्यांदा रडलो तिचं नाव सरकारी कागदावर घ्यायला मी लाजणार नाही. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तेव्हा फेसबुकवर मिशीला पीळ देऊन दारात मान खाली घालू नका.

तुळू बोलणाऱ्यांची संख्या २०११ च्या मोजणीत आपल्याहून थोडी कमी होती. त्यांनी २०१६ मध्ये तुळू भाषेचा स्वतःचा विकिपीडिया उभा केला, कित्येक वर्षं चिकाटीनं लेख लिहून. आपण काय उभं केलं? डॉ. रमेश सूर्यवंशींनी एकट्यानं अहिराणीचा शब्दकोश केला, डॉ. सुधीर देवऱ्यांनी 'ढोल' हे अहिराणी नियतकालिक चालवलं. अशी मोजकी माणसं, आणि बाकी आपण 'लाइक' करणारे. बरं, जे थोडंफार केलं तेही लोकांच्या जागेत. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, आणि आपल्या पोरांनी केलेले व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले. बंदी बरोबर की चूक हा माझा विषय नाही. ओटा दुसऱ्याचा होता, एवढंच.

परवा मी फोनाला बोलून लिहायला लावलं. मुद्दाम तेच वाक्य बोललो, मना डोया दुखी ऱ्हायना. फोननं लिहिलं, 'म्हणा दुआ दुखी राहणार'. पुन्हा बोललो, पुन्हा तेच. मला तिसरीतला फळा आठवला. मास्तर आता फोनात जाऊन बसलाय, आणि हा संध्याकाळी पारावर येणार नाही. त्याला शिकवायचं असेल तर त्याच्यापुढे अहिराणी आवाज आणि अहिराणी अक्षर यांचा ढीग घालावा लागतो. हा ढीग कुठल्या परदेशी कंपनीनं नाही, आपणच घालायचा आणि आपल्याजवळ जपायचा. 'शे' लिहायचं की 'से', 'ऱ्हायना' की 'राह्यना', यावर तरुण मंडळी रात्ररात्र भांडतात. भांडा. पण दोन्ही लिहून ठेवा.

माझा वेळ संपत आला, सूत्रसंचालक दोनदा घड्याळ दाखवून गेले. मंडपाबाहेर उजव्या हाताला, चहाच्या पातेल्याच्या पलीकडे, एक टेबल मांडलं आहे. आपल्या गावची दोन पोरं, एक मुलगा आणि एक मुलगी, चांगला माइक आणि एक वही घेऊन बसली आहेत. जेवायला जाण्याआधी प्रत्येकानं तिथे दहा मिनिटं बसायचं आणि आपल्या घरातलं बोलायचं. म्हण सांगा, गाणं म्हणा, सासूशी झालेलं भांडण सांगा, चालेल. म्हाताऱ्या बायकांना रांग नाही, त्यांनी सरळ पुढे जावं. मनी माय ८४ वर्षांची आहे. माझं भाषण सुरू असतानाच ती उठली, आणि तिथे बसून मघापासून बोलतेय.