झाकलेली चित्रे



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. चित्रकलेचे शिक्षण आम्हांला नाही. जे थोडे कळते ते वाचनालयातल्या पुस्तकांतून. अमूर्त चित्रांविषयी आमचे मत मात्र ठाम होते : ज्यात माणूस दिसत नाही, ते चित्र म्हणजे भरल्या पोटाचा खेळ! गेरहार्ड रिख्टर या जर्मन चित्रकाराच्या चार चित्रांनी हे मत बदलावयास लावले.

‘बिर्केनाउ’ या नावाची ही चित्रे रिख्टर यांनी 2014 साली, वयाच्या 82 व्या वर्षी रंगविली आणि 2015 साली ड्रेस्डेन या आपल्या जन्मगावी प्रदर्शनात मांडली. त्यांच्या मुळाशी चार छायाचित्रे आहेत. आउश्वित्झ-बिर्केनाउच्या छळछावणीत प्रेते जाळण्याचे काम ज्या ज्यू कैद्यांवर लादले होते, त्यांनी 1944 च्या ऑगस्टमध्ये प्राणांवर उदार होऊन ती चोरून टिपली. फिल्म टूथपेस्टच्या नळीत दडवून छावणीबाहेर पोचविली. जगाला कळावे, हा हेतू.

रिख्टर यांनी ही छायाचित्रे प्रथम कॅनव्हासवर रेखाटून घेतली. मग त्यांवर रंगाचे थर चढविले, रुंद पट्टीने ते ओढले, खरवडले. शेवटी उरला काळा, करडा आणि मधून मधून लाल व हिरवा. खालचे रेखाटन दिसत नाही.

मग हे सत्य दडपणे नव्हे काय? आम्हीही हेच विचारले. पण रिख्टर शिकले पूर्व जर्मनीत. कष्टकऱ्यांचे जीवन हुबेहूब रंगविण्याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले होते. 1961 साली ते पश्चिमेकडे गेले. तेव्हा माणूस काढता येत नाही म्हणून त्यांनी तो गाळला, असे म्हणता येत नाही.

उत्तर आम्हांला आमच्याच एका चुकीत सापडले. एका कारखान्यातील अपघातात आमचा एक सभासद दगावला. त्याच्या छिन्नविच्छिन्न देहाचे छायाचित्र फलकावर लावून आम्ही मोर्चा काढला. त्याची आई पुढे आली, तिने पदराने ते झाकले आणि म्हणाली, “भाऊ, माझ्या लेकराला असं दाखवू नका.” फलक आम्ही उतरविला, भरपाईची मागणी सोडली नाही.

रिख्टर यांचे रंग आम्हांला त्या पदरासारखे वाटतात. पुढील प्रदर्शनांत त्या मूळ छायाचित्रांच्या लहान प्रतीही या चित्रांसोबत लावल्या गेल्या, हे ध्यानात घ्यावे. पुरावा पुराव्याच्या जागी राहिला. चित्राने शोकाचे काम केले. दोहोंची गरज असते, हे आम्ही त्या माउलीकडून शिकलो होतो; चित्रांनी ते पुन्हा आठवून दिले.

प्रत्येक अमूर्त चित्राखाली असे काही असतेच, असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळांखाली नुसताच कॅनव्हास असेल. पण “यात काय दिसते?” एवढे विचारून पाठ फिरवू नये. “याखाली काय आहे?” हेही विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत घटकाभर उभे राहावे.