लहान रुग्णालये आणि रक्ततपासणीची स्वयंचलित यंत्रे
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून तालुक्याच्या गावच्या एका लहान रुग्णालयास रक्ततपासणीचे स्वयंचलित यंत्र अर्पण करावे, अशी सूचना आपल्यापुढे विचारार्थ आलेली आहे. निर्णय सर्वांनी मिळून घ्यावयाचा असल्याने तत्पूर्वी या यंत्राची माहिती सभासदांस करून द्यावी, अशी आज्ञा आम्हांस झाली. विषय काहीसा रुक्ष आहे; तथापि प्रश्न निधीचा आणि रुग्णांच्या जिवाचा असल्याने आपण तो शांतपणे ऐकून घ्यावा, अशी विनंती आहे.

पूर्वी रक्तपेशी मोजणे हे सर्वस्वी डोळ्यांचे काम होते. आखीव चौकटींच्या काचेवर पातळ केलेल्या रक्ताचा थेंब घ्यावयाचा, सूक्ष्मदर्शकास डोळा लावावयाचा आणि चौकटीगणिक पेशी मोजीत जावयाचे. सकाळच्या ताज्या नजरेची मोजणी आणि सायंकाळच्या थकल्या नजरेची मोजणी यांत अंतर पडे, यात नवल नाही. या श्रमांतून सुटकेचा मार्ग अमेरिकेतील वॉलेस कूल्टर यांनी दाखविला. त्यांच्या शोधास १९५३ मध्ये पेटंट मिळाले. वीज वाहून नेणाऱ्या द्रवात रक्त मिसळून ते एका सूक्ष्म छिद्रातून जाऊ द्यावयाचे. प्रत्येक पेशी छिद्रातून जाताना विजेच्या प्रवाहास क्षणमात्र अडथळा होतो. अडथळे मोजले की पेशींची संख्या कळते, आणि अडथळ्याच्या प्रमाणावरून पेशीचे आकारमान. रक्तातील साखर, युरिया इत्यादींच्या परीक्षेसाठी क्लीव्हलँड येथील लिओनार्ड स्केग्ज यांनी रचलेले यंत्र १९५७ मध्ये बाजारात आले.

यापुढची मजल जपानने मारली. तेथील शिकोकू बेटावर कोची नावाचा प्रांत आहे; केरळातील कोचीशी त्याचे साम्य नावापुरतेच. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. मासाहिदे सासाकी यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी फिरत्या पट्ट्यांवरून रक्ताच्या नळ्या एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे नेण्याची आणि उचलठेव यंत्रमानवाकडून करवून घेण्याची योजना सिद्ध केली.

लहान रुग्णालयास एवढा पसारा नको. मेजावर मावेल असे यंत्र त्यास पुरते. त्याचा यांत्रिक हात नळीतील रक्ताची पातळी ओळखतो, नेमका अंश उचलतो, त्यात रसायन मिसळतो आणि पुढील नमुन्यापूर्वी स्वतःची नळी धुऊन घेतो. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली म्हणजे एकेका रुग्णाच्या प्लेटलेट पुनःपुन्हा मोजाव्या लागतात. तो नमुना दूरच्या शहरी पाठवून दुसऱ्या दिवशी उत्तर मिळणे आणि तेथल्या तेथे काही मिनिटांत मिळणे, यांतील अंतर रुग्णाच्या नातलगांस विचारावे. तेव्हा यंत्र हवे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

परंतु यंत्रास जे रक्त द्यावे, त्याचेच ते उत्तर देते. रक्त घेताना वा हाताळताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतील पोटॅशियम बाहेर पडून आकडा खोटा वाढतो. जांभळ्या टोपणाची नळी रक्त भरल्यावर हलक्या हाताने उलटीसुलटी केली नाही, तर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट आहेत त्याहून कमी दिसतात. साध्या नळीतील रक्त तसेच पडून राहिले, तर त्यातील पेशी साखर खात राहतात आणि मधुमेह्याची साखर कमी भरते. ज्या हातास सलाइन लावले आहे त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूस रक्त घेतले, तर ते पातळ येते. आणि नळीवर शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे नाव पडले, तर उत्तम यंत्रही दुसऱ्याचाच आजार अचूक सांगते! इटलीतील पादुआ येथे प्लेबानी व कारारो यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४०,४९० तपासण्यांत १८९ चुका आढळल्या. त्यांपैकी शेकडा ६८.२ चुका तपासणीपूर्वीच्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतील केवळ १३.३. यंत्राने सुधारते ती मुख्यतः ही धाकटी बाजू.

दुसरी गोष्ट खर्चाची. यंत्राची किंमत एकदा देऊन भागत नाही. पुष्कळ यंत्रांस त्याच कंपनीची रसायने लागतात, आणि ती मुदतीनंतर निरुपयोगी होतात. वीज गेली की काम अर्धवट राहते. रसायनांची तरतूद नसेल, तर देणगीदारांच्या नावाची पाटी मिरविणारे यंत्र धूळ खात पडेल, आणि रुग्ण पूर्वीप्रमाणे शहराची वाट धरील.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, यंत्र द्यावेच. परंतु निधीचा मोठा भाग पुढील पाच वर्षांची रसायने, देखभाल आणि वीज गेल्यास पुरेल अशी बॅटरी यांसाठी राखून ठेवावा. रोज सकाळी ज्ञात मूल्याचा नमुना यंत्रास देऊन उत्तर तक्त्यावर मांडण्याची पद्धत लेव्ही व जेनिंग्स यांनी १९५० मध्ये वैद्यकीय प्रयोगशाळांपुढे ठेवली. ती पाळण्याची अट देणगीपत्रात घालावी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता योजनेत रुग्णालयाने भाग घ्यावा आणि त्याचे शुल्क आपण भरावे. तसेच आपल्या समाजातील एका होतकरू मुलास वा मुलीस प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी. यंत्र आले की तंत्रज्ञाचे काय काम, असे कोणी विचारील. यंत्राने संशय दाखविलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निर्णय देण्यास जाणता माणूस लागतोच, आणि मोजणीतून वाचलेला वेळ त्यास याच कामी येतो.

भगिनींस आणि बंधूंस एक विनंती. रक्त देताना आपले पूर्ण नाव स्वतः सांगावे आणि नळीवर ते लिहिले गेले की नाही, हे पाहूनच उठावे. उपाशीपोटी यावयास सांगितले असल्यास खरोखर उपाशी यावे. अहवालातील आकडा प्रकृतीशी विसंगत वाटल्यास पुन्हा तपासणी मागण्यात संकोच बाळगू नये.

विश्वस्त मंडळाने या सूचनांचा विचार करूनच ठराव मांडावा.