गर्भपिशवी राखून उपचार

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर नवरा-बायको दोघांनीही तपासणी करून घ्यावी. बाईचं वय ३५च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहेत.

गर्भपिशवीच्या आत पडदा किंवा गाठ असेल, तर योनीमार्गे दुर्बीण घालून ती काढता येते. पोटावर टाका पडत नाही. अंडाशयावरची चॉकलेट गाठ (आत जुनं रक्त साठलेली गाठ) किंवा चिकटलेल्या नळ्या यांसाठी बेंबीजवळ साधारण एक सेंटीमीटरचं छिद्र घेतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. क्षयरोगामुळे नळ्या बंद झाल्या असतील, तर आधी क्षयाची औषधं पूर्ण घ्यावी लागतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात.

लातूरशेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या अनेक तरुण बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ साली त्याची सरकारी चौकशी झाली. म्हणून मूल हवं असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘पिशवी राखून फक्त गाठ काढता येईल का?’ हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.