दिसणे आणि पाहणे

'दिसणे' आणि 'पाहणे' ही क्रियापदे मराठीने निराळी ठेवली, यात मोठा विवेक आहे. दिसण्यावर आपल्या म्हणींचा भरवसा नाही. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण हातखंब्याहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढणाऱ्यास पटतेच. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही त्याच जातीची. तीत तमाशावर मात्र अन्याय होतो.

चिनी भाषेचा रोख पाहणाऱ्यावर अधिक आहे. घाईने वरवर पाहणाऱ्याला तेथे घोड्यावरून फुले पाहणारा म्हणतात. अल्पदृष्टीचा मनुष्य बांबूच्या नळीतून बिबट्या पाहतो, त्याला एकच ठिपका दिसतो. आंधळे आणि हत्ती हा तेथील वाक्प्रचार तर भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेला. हाच दृष्टांत अनेकान्त समजावताना आपल्याकडे दिला जातो.

तथापि मराठीतील 'कानाडोळा' या सर्वांहून कठोर होय. आंधळ्यांना डोळेच नव्हते. कानाडोळा करणाऱ्याचे डोळे शाबूत असतात, दारी आलेला गरजू त्याला दिसतो, पण तो पाहत नाही.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील पहिल्याच सूत्रात सम्यक् दर्शन हे ज्ञान व चारित्र यांच्याही आधी येते. तेथे दर्शन म्हणजे तत्त्वांवरील श्रद्धा. शब्द मात्र पाहण्याचाच योजला आहे.